जागा कोणाची, नोटीस कोणाची: मावळ-लोणावळ्यातील मिळकती आणि पार्किंग

मिळकतींची देखभाल आणि गाड्या उभ्या करण्याचे नियम राबवण्याचा अधिकार मावळ तालुक्यात एका कार्यालयाकडे नाही. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषदा आहेत, वडगावला नगरपंचायत आहे, उरलेल्या गावांत ग्रामपंचायती आहेत. खेड्यांमधल्या गावठाणाबाहेरच्या बांधकामांचे नकाशे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, मंजूर करते. जुना मुंबई-पुणे रस्ता लोणावळ्याच्या भर वस्तीतून जातो, पण तो राज्य रस्ते विकास महामंडळाच्या ताब्यात आहे. भुशी धरण रेल्वेचे, भोवतालचे डोंगर कुठे वनखात्याचे तर कुठे खासगी, आणि धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच नौदलाचे आयएनएस शिवाजी. कार्ले आणि भाजे येथील लेणी आणि लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. पोलीसही दोन प्रकारचे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि तळेगावचा भाग तिकडे गेला; लोणावळा, कामशेत आणि वडगाव पुणे ग्रामीण पोलिसांकडेच राहिले. म्हणजे एकाच तालुक्यात तळेगावच्या बाजारपेठेतील नो-पार्किंगचा आदेश आयुक्तालयाची वाहतूक शाखा काढते, आणि लोणावळ्याच्या बाजारपेठेतील आदेशासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते.

मावळात नियम कमी आहेत, असे म्हणता येणार नाही. रस्त्यावर झुकलेली भिंत असो वा फाटक अडवून लावलेली गाडी असो, तिच्यासाठी कायद्यात कलम आहे. अडते ते हद्दीवर. जागा कोणाच्या मालकीची, नोटीस कोणी द्यायची आणि दंड कोणी घ्यायचा, ही तीन उत्तरे जिथे एकच असतात तिथे नियम चालतो. जिथे ती तीन कार्यालयांत विभागलेली असतात तिथे तक्रारीचा कागद फिरत राहतो.

लोणावळ्याची अडचण या गावाच्या घडणीतच आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईकरांना हवापालटासाठी घाटमाथा जवळचा झाला. १८७७ मध्ये इथे नगरपालिका आली. तेव्हापासून खंडाळा, तुंगार्ली, वलवण, रायवूड या बाजूंना बंगले उभे राहत गेले, आणि त्यातल्या पुष्कळ बंगल्यांचे मालक वर्षातले थोडेच दिवस इथे राहतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. रस्ते, गटारे आणि वाहनतळ तेवढ्या माणसांच्या हिशेबाने आहेत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र मुंबई आणि पुणे या दोन महानगरांची गर्दी त्याच रस्त्यांवर उतरते. मालक नसलेली घरे आणि घर नसलेल्या गाड्या, असा हा दुहेरी ताण आहे.

आधी घरांचे पाहू. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा लोणावळा, तळेगाव आणि वडगाव या तिन्ही ठिकाणी लागू असलेला मूळ कायदा आहे. त्याच्या कलम १९५ खाली पडायला आलेली, मोडकळीस आलेली किंवा रहिवाशांना आणि रस्त्याने जाणाऱ्यांना धोका असलेली इमारत, भिंत किंवा अन्य बांधकाम दुरुस्त करण्याची, आधार देण्याची अथवा पाडण्याची नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला देता येते. धोका अगदी तोंडावर असेल तर कुंपण घालणे, टेकू देणे, माणसे हलवणे ही कामे नोटिशीची मुदत संपण्याची वाट न पाहता करता येतात. मालकाने काम केले नाही तर नगरपरिषद ते करते आणि खर्च मालकाकडून वसूल करते. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी निघते ती याच कलमाच्या आधारे.

लोणावळ्यात या यादीत जुन्या वाड्या-चाळींइतकाच मोठा प्रश्न सीमाभिंतींचा आहे. उतारावरचे बंगले डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवर असतात, आणि त्यांची भिंत नुसते कुंपण नसते. ती मागची माती थोपवून धरते. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडणाऱ्या गावात त्या मातीत पाणी मुरते, माती जड होते आणि भिंतीवरचा दाब वाढत जातो. हे पाणी बाहेर पडावे म्हणून भिंतीत ठरावीक अंतरावर भोके ठेवलेली असतात. घर वर्षभर बंद राहिले की पालापाचोळ्याने आणि मुळांनी ती बुजतात. मग भिंतीला मध्यावर फुगवटा येतो, आडवी चीर पडते, भिंत किंचित रस्त्याकडे कलते. बाहेरून जाणाऱ्याला दिसणाऱ्या खुणा एवढ्याच. भोके मोकळी करण्याचे काम एका गवंड्याचे आणि एका दिवसाचे असते. ते न केल्याची किंमत मात्र भलत्याच माणसाला मोजावी लागते. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत पावसात कोसळली. भिंतीलगत उभ्या केलेल्या मोटारी तिच्यासोबत खाली आल्या आणि पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांत झोपलेल्या बांधकाम मजुरांपैकी आणि त्यांच्या कुटुंबांपैकी १५ जणांचा जीव गेला. भिंतीची देखभाल आणि पार्किंग हे विषय कागदावर वेगळे असले तरी प्रत्यक्षात असे एकमेकांना भिडलेले असतात.

बंद बंगल्याला नोटीस पोचवणे हे स्वतंत्र काम आहे. नगरपरिषदेकडे मालकाचा पत्ता असतो तो घरपट्टीच्या नोंदीतला. तो अनेकदा मुंबईचा, जुना, आणि कित्येकदा हयात नसलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा. वारसांची नोंद मिळकत पत्रिकेवर झालेली नसते. जागेवर भेटतो तो राखणदार. तो मालक नाही आणि भोगवटादारही नाही, त्यामुळे नोटीस हातात घ्यायला कचरतो. मग कर्मचारी फाटकावर नोटीस डकवतात, दोन पंचांच्या सह्या घेऊन पंचनामा करतात आणि डकवलेल्या कागदाचा फोटो काढतात. हा पंचनामा नीट झाला नाही तर पुढची सगळी कारवाई न्यायालयात लंगडी पडते. वारसांनी मिळकत पत्रिकेवर आणि घरपट्टीच्या नोंदीत स्वतःचे नाव आणि चालू पत्ता लावून घेणे ही म्हणूनच देखभालीचीच पहिली पायरी आहे.

कलणाऱ्या झाडांचे प्रकरण आणखी नाजूक. शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वठलेल्या झाडासाठी हा अर्ज उन्हाळ्यातच करावा. पहिल्या वादळानंतर अर्जांचा ढीग लागलेला असतो.

पडकी भिंत आणि बेकायदा भिंत यांत कायद्याने फरक केला आहे. परवानगी न घेता केलेल्या बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागतो. अशा बांधकामावर घरपट्टीच्या दुप्पट शास्तीही बसवता येते, आणि इथे अनेकांचा गैरसमज होतो. घरपट्टी भरली, शास्तीही भरली, म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. पावती ही कराची असते, परवानगीची नव्हे. दुसऱ्या बाजूने, बेकायदा असले तरी बांधकाम रात्रीतून पाडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी देशभरासाठी दिलेल्या निर्देशांनुसार पाडकामाआधी किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यावी लागते, ती बांधकामावर डकवावी लागते, मालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि पाडकामाचे चित्रीकरण करावे लागते. सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरच्या अतिक्रमणांना हे संरक्षण नाही. मावळात ही सूट महत्त्वाची ठरते, कारण इथली पुष्कळ वादग्रस्त बांधकामे इंद्रायणीच्या काठी, पवना जलाशयाभोवती किंवा रस्त्याच्या कडेलाच आहेत.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम चालतो. कलम ५२ बांधकाम परवानगीचे आणि कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावरील व मोकळ्या जागेवरील अतिक्रमण हटवण्याचे. पंचायतीने हात वर केले तर जिल्हाधिकारी स्वतः कारवाई करू शकतात. याच कायद्यातली आणखी एक तरतूद गावात सर्वांना ठाऊक असते: सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य वा सरपंच अपात्र ठरतो. कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेणारा सदस्यही त्यातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका ग्रामपंचायतीच्या प्रकरणात स्पष्ट केले.  लेण्यांच्या पायथ्याच्या गावांना मात्र वेगळाच जाच आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. या पट्ट्यात जुन्या घराची डागडुजी करायलाही आधी परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये लोहगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, त्यामुळे पायथ्याच्या वाहनतळांपासून टपऱ्यांपर्यंत सगळ्याकडे आता अधिक बारकाईने पाहिले जाणार.

नुसता फलक लावला म्हणजे कर्तव्य संपत नाही, हे मावळातल्याच कुंडमळ्याने दाखवले. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, इंद्रायणीवरचा तिथला अरुंद लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पुलावर माणसांसोबत दुचाक्याही होत्या. फलकाच्या जागी दुचाकी शिरू न देणारे दोन खांब रोवलेले असते, तर निदान वाहनांचा भार तरी पुलावर आला नसता. लोखंडी खांबाला पोलीस लागत नाही, फलकाला लागतो.

हाच फरक पार्किंगच्या नियमांतही दिसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे गाड्या उभ्या करण्याच्या जागा स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने ठरवायच्या असतात, आणि कलम ११५ व ११६ खाली वाहतुकीवर निर्बंध घालून तसे फलक लावता येतात. त्यामुळे नगरपरिषद वाहनतळ बांधू शकते, तिथे फी घेऊ शकते, रस्त्यावर पट्टे मारू शकते. चलन फाडणे मात्र पोलिसांचे काम. सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला अशी व्यवस्था करायची तरी अधिसूचना आणि फलक दोन्ही लागतात. एखाद्या दुकानदाराने किंवा बंगलेवाल्याने स्वतःच्या फाटकाबाहेर रंगवलेल्या नो-पार्किंगच्या पाटीला कायद्याचे बळ नसते.

पण काही जागी फलक नसला तरी मनाई असतेच. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार पदपथावर, पादचारी पट्ट्यांवर, चौकाच्या कडेपासून ५० मीटरच्या आत, बसथांब्याजवळ, शाळेच्या किंवा इस्पितळाच्या दाराशी, कोणत्याही मिळकतीच्या प्रवेशमार्गासमोर आणि आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दुसऱ्या रांगेत गाडी लावता येत नाही. फाटकासमोर गाडी लावणाऱ्याला म्हणूनच पाटीवाचूनही चलन होऊ शकते. या यादीच्या मोजमापाने पाहिले तर कुमार चौकापासून बाजारपेठेपर्यंत रस्त्याकडेला गाडी लावण्याजोगी जागा जवळजवळ उरतच नाही. जुन्या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना चिक्कीची दुकाने आहेत. चिक्की घ्यायला पाच मिनिटे लागतात, पण त्या पाच मिनिटांत कडेची एक मार्गिका बंद होते आणि मागे रांग लागते. हा रस्ता महामंडळाचा, त्यावरची वाहतूक पोलिसांची आणि दुकानाचा परवाना नगरपरिषदेचा, त्यामुळे एका पाच मिनिटांच्या थांब्यात तीन खाती गुंतलेली असतात.

दंडाची रक्कम बरीच वर्षे नगण्य होती: पहिल्या वेळी १०० रुपये. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती ५०० केली आणि पुन्हा चूक झाल्यास १,५००. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी उभी केलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी उचलून नेण्याचा वा तिला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी पडतो. लोणावळ्यासारख्या घाटमाथ्याच्या गावात जॅमर दुधारी असतो. भुशीकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ज्या गाडीमुळे कोंडी झाली तिलाच जॅमर लावला, तर मालक धबधब्यावरून परत येईपर्यंत ती कोंडी तिथेच गोठते. तिथे गाडी उचलणे हाच उपाय. जॅमर शोभतो तो रुंद गल्लीत, तुंगार्लीच्या बंगल्यांसमोर अडथळा न करता पण नियम मोडून उभ्या राहिलेल्या गाड्यांना. भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांत एकेका रात्री चार-पाच कुटुंबे उतरतात, आवारात दोन गाड्या मावतात आणि उरलेल्या गल्लीत राहतात. अशा गल्लीत रात्री अग्निशमनाची गाडी वळू शकेल का, हे बंगला भाड्याने देणाऱ्याने आधी पाहायला हवे.

पावसाळ्यात या साऱ्यावर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश येतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर रेल्वे, वनखाते, नगरपरिषद आणि पोलीस यांना एकत्र बसवून टपऱ्या हटवण्याचे आणि संध्याकाळी सहानंतर पर्यटकांना बाहेर काढण्याचे आदेश निघाले. पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. त्यांची मुदत साधारण दोन महिन्यांची, म्हणजे जवळपास अख्खा भर पावसाळा. एरवी चार खात्यांत वाटलेला अधिकार या काळापुरता एका टेबलावर येतो, आणि म्हणूनच त्या काळात अंमलबजावणी नजरेत भरते.

गाड्या रस्त्यावर येतात कारण आवारात जागा नसते. एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर जागा हे राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतले माप आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेली ही नियमावली तळेगावला आणि पीएमआरडीएच्या गावांना लागू झाली. गिरिस्थान नगरपरिषदा आणि लोणावळा नगरपरिषद त्यातून वगळल्या गेल्या. मंजूर नकाशावर दाखवलेल्या पार्किंगच्या जागी पुढे स्वागतकक्ष, भोजनगृह किंवा जादा खोल्या झाल्या असतील तर तो मंजूर नकाशाचा भंग आहे आणि नगररचना कायद्याखाली कारवाईस पात्र आहे. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय मोटार नोंदवता येत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये असाच विचार बोलून दाखवला. लोणावळ्यापुरता मात्र त्याचा उपयोग थोडा, कारण इथे अडथळा करणाऱ्या गाड्या बहुतेक बाहेरगावच्या असतात. जवळच्या माथेरानने वेगळी वाट धरली: गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, गावात शिरतच नाहीत. जुना महामार्गच गावातून जात असल्याने लोणावळ्याला हे जमणार नाही. पण भुशी आणि लायन्स पॉइंटच्या रस्त्यांसाठी गर्दीच्या दिवशी खाली वाहनतळ आणि वर मिनीबस हा उपाय माथेरानच्याच जातीचा आहे आणि अंमलात आणण्यासारखा आहे. लोहगडासारख्या ठिकाणी ग्रामपंचायतीला वाहनतळाची फी घेता येते, आणि त्या पैशांवर रस्ता मोकळा ठेवणारी दोन माणसे सहज उभी राहतात.

तळेगाव, कामशेत आणि लोणावळ्यातल्या सोसायट्यांच्या आवारात पोलिसांचे चलन चालत नाही. तिथे उपविधी चालतात. पार्किंगची जागा सर्वसाधारण सभेच्या नियमांनुसार वाटायची असते, आणि खांबांखालची मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मुंबईतल्या एका सोसायटीच्या दाव्यात सांगितले. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करायची, दुरुस्ती निधीला बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाला किमान ०.२५ टक्के द्यायचे, ही आदर्श उपविधींतली तरतूद आहे. सुट्टीपुरत्या येणाऱ्या सदस्यांच्या सोसायट्यांत हे पैसे थकतात. बंद फ्लॅटच्या मालकालाही देखभाल खर्चाचा वाटा द्यावाच लागतो. फक्त बिनभोगवटा शुल्क त्याच्याकडून घेता येत नाही. ते फ्लॅट भाड्याने दिल्यावरच लागते आणि तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच.

सगळीकडे अर्ज करूनही काही हालत नसेल तर एक जुना मार्ग आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा, पडायला आलेली इमारत किंवा धोकादायक झाड हटवण्याचा सशर्त आदेश उपविभागीय दंडाधिकारी काढू शकतात. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२. ज्याच्याविरुद्ध आदेश आहे त्याने तो पाळायचा किंवा हजर राहून आपली बाजू मांडायची. अर्जासोबत फोटो, मिळकत पत्रिकेचा किंवा सातबाराचा उतारा आणि आधी केलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या जोडल्या की जागा कोणाची हा वाद बऱ्याच अंशी तिथेच मिटतो. हा आदेश खासगी मालकाविरुद्ध निघतो तसा नगरपरिषदेविरुद्धही निघू शकतो. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांसाठी हेच कलम वापरले होते, आणि पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला सांगता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला.